बीएमएस बसवून एक वर्ष झालं: प्लँटरूममधून अभिप्राय

आमच्या सात मजली ऑफिस इमारतीत एसीची सगळी यंत्रणा बीएमएसवर, म्हणजे इमारतीतली यंत्रं संगणकावरून चालवणाऱ्या व्यवस्थेवर, चढवून वर्ष झालं. त्याआधी अकरा वर्षं मी याच प्लँटरूममध्ये हाताने व्हॉल्व्ह फिरवलेत, तेव्हा लिहिण्यात थोडा आकस दिसला तर समजून घ्या. कंपनीचं नाव देत नाही. इतर इमारतींतल्या मित्रांशी बोलल्यावर कळलं की नावं वेगळी असली तरी रडगाणं एकच आहे.

आधी चांगलं. एएचयूच्या (मजल्यावर थंड हवा सोडणाऱ्या यंत्राच्या) पंख्यांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारी उपकरणं) लागले, हे एकच काम झालं असतं तरी मी खूश असतो. पूर्वी पंखा सुरू म्हणजे पूर्ण वेगाने सुरू, मग मजल्यावर दोनशे माणसं असोत की वीस. आता व्हीएव्ही बॉक्स (खोलीत जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपा) मिटत गेले की डक्टमधला (हवेच्या नळीतला) दाब वाढतो आणि कंट्रोलर पंखा हळू करतो. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या हिशोबाने बदलते. वेग ८० टक्क्यांवर आला की वीज जवळपास निम्मी लागते. कंपनीचा माणूस हे स्वतःची करामत असल्यासारखं सांगत होता. करामत पंख्याची आहे, पण पंख्याला ती दाखवायची संधी बीएमएसने दिली, एवढं श्रेय त्याला देतो.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे मीटिंग रूममधले कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. दार लावून पंधरा माणसं तासभर बसली की आकडा हजाराच्या वर जातो आणि लोक जांभया देऊ लागतात. आता आकडा चढला की ताज्या हवेचा डॅम्पर (पात्यांची झडप) आपोआप उघडतो, खोली रिकामी झाली की मिटतो. पूर्वी तो एकाच जागी आवळून ठेवलेला असायचा आणि रिकाम्या खोल्यांसाठीही आम्ही बाहेरची गरम हवा थंड करत बसायचो.

आता तिसरा मजला. तिथून रोज फोन: गारठलो. स्क्रीनवर पाहावं तर २४ अंश. दिवसभराचा आलेख इतका सरळ, की तेव्हाच संशय यायला हवा होता. चौथ्या दिवशी खिशातला थर्मामीटर घेऊन वर गेलो. टेबलांपाशी २१. सेन्सर कुठे, तर मोठ्या प्रिंटरच्या मागच्या भिंतीवर, त्याची गरम हवा थेट अंगावर घेत. सेन्सरला २४ वाटावं म्हणून यंत्रणा बिचारी अख्ख्या मजल्याला गोठवत होती. सेन्सर समोरच्या भिंतीवर हलवला, दुपारपर्यंत फोन बंद. बसवणाऱ्याने ड्रॉइंगवर ठिपका होता तिथेच तो बसवला होता. ड्रॉइंगमध्ये प्रिंटर नव्हता, इतकंच.

सहाव्या मजल्याची गंमत याहून वाईट. ताज्या हवेचा डॅम्पर १०० टक्के उघडा असल्याचं स्क्रीन सांगत होती, फीडबॅकही (किती उघडला याची परत येणारी खबर) १००, आणि कार्बन डायऑक्साइड मात्र १३०० च्या खाली येईना. पॅनेल उघडून पाहिलं. अ‍ॅक्च्युएटर (डॅम्पर फिरवणारी छोटी मोटर) इमानदारीने फिरला होता, पण त्याचा क्लॅम्प डॅम्परच्या दांड्यावर घसरत होता, पाती जवळजवळ बंदच. फीडबॅक अ‍ॅक्च्युएटरचा असतो, पात्यांचा नव्हे. एक नट आवळायचं काम, आणि त्यासाठी दोन आठवडे सॉफ्टवेअरवाल्याशी फोनाफोनी.

ओव्हरराइडचं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या यंत्राला हाताने आदेश देण्याचं, प्रकरण तर नीट समजून घ्या, कारण ट्रेनिंगच्या दोन तासांत ते कुणीच सांगितलं नाही. बॅकनेटमध्ये (ही यंत्रं आपसात बोलतात ती भाषा) प्रत्येक आदेशाला १ ते १६ अशी पायरी असते आणि लहान आकडा जिंकतो. ऑपरेटरने हाताने दिलेला आदेश आठव्या पायरीवर बसतो, आमचं वेळापत्रक सोळाव्यावर. एका रात्री कुणीतरी उशिरापर्यंत काम होतं म्हणून पाचव्या मजल्याचा एएचयू हाताने ‘ऑन’ केला. तो १९ दिवस अहोरात्र चालला. वेळापत्रक रोज संध्याकाळी ‘बंद कर’ म्हणत होतं, त्याचं ऐकतो कोण? लक्षात आल्यावर आमच्या पोराने तत्परतेने ‘ऑफ’ दाबलं आणि दुसऱ्या सकाळी मजला सुरूच होईना, कारण आता आठव्या पायरीवर ‘ऑफ’ बसला होता. आदेश सोडून द्यावा लागतो, त्याचं बटण वेगळं आहे, तिसऱ्या मेनूत. आता टेबलावर वही ठेवली आहे: कोणी, काय, कधी ओव्हरराइड केलं आणि कधी सोडलं.

अलार्मविषयी फार लिहीत नाही. पहिल्याच दिवशी चारशेच्या आसपास आले, म्हणून कुणीच एकही वाचला नाही. छाटून तीसवर आणले.

ट्रेंड (ठरावीक वेळाने आपोआप होणाऱ्या नोंदींचा आलेख) मात्र मागून घ्याच. आम्हाला दर १५ मिनिटांनी एक नोंद असा लावून दिला होता आणि सगळं शांत दिसायचं. एका मिनिटावर आणला तेव्हा चौथ्या मजल्याच्या चिल्ड वॉटर (थंड पाण्याच्या) व्हॉल्व्हचा आलेख करवतीच्या दातांसारखा निघाला: उघड, मीट, उघड, मीट. ट्यूनिंग (व्हॉल्व्ह किती जोरात हलवायचा हे कंट्रोलरमध्ये जुळवणं) चुकलेलं असतं तर मला नवल वाटलं नसतं, पण मुळात केलंच नव्हतं, कारखान्यातले आकडे जसेच्या तसे होते.

सेवेला पाचपैकी दोन. मुलं नम्र आहेत, येतातही वेळेवर, पण डक्टच्या दाबाचा सेटपॉइंट (ठरवून दिलेला आकडा) बदलायचा तरी त्यांचाच लॅपटॉप लागतो. इंजिनिअरिंगचा पासवर्ड आणि प्रोग्रॅमचा बॅकअप अजून आमच्या हाती नाही. यंत्रणेला साडेतीन, आणि त्यातला अर्धा व्हीएफडीचा. पुढच्या महिन्यात देखभालीचा करार नव्याने करायचा आहे. पासवर्ड, बॅकअप आणि पॉइंट लिस्ट (बीएमएसला जोडलेल्या सगळ्या सेन्सर-आदेशांची यादी) या तीन ओळी मी पहिल्याच पानावर लिहून दिल्यात. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.