थीसिसचं ‘पॅकेज’ घ्यायचा विचार असेल तर

एमडीएसला (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीला) ॲडमिशन झाली की काही महिन्यांत एक मेसेज फिरत फिरत आपल्यापर्यंत येतोच: सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) ते पब्लिकेशन, संपूर्ण जबाबदारी आमची. पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. मला नंबर एका सीनियरनं दिला, तिला आणखी कुणी दिला होता. सगळे त्या माणसाला ‘स्टॅट्सवाले सर’ म्हणायचे. गोड बोलायचा, रात्री अकराला फोन केला तरी उचलायचा. आमच्या कॉलेजात स्टॅटिस्टिशियनची जागा भरलेली असायची ती इन्स्पेक्शनच्या दिवसापुरती, त्यामुळे फोन उचलणारा माणूस म्हणजे देवच वाटायचा.

माझा विषय पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री. जव्हारकडच्या एका आश्रमशाळेतल्या बारा ते पंधरा वयाच्या मुलामुलींचे दोन गट केले होते. एका गटाला ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश, दुसऱ्याला त्रिफळ्याचा. दातांवरचा प्लाक (जंतूंचा चिकट थर) आणि हिरड्यांची सूज कशात जास्त उतरते, एवढाच प्रश्न. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी, एथिक्स कमिटी, पालकांची संमती, मुलांचा स्वतःचा होकार हे सगळं रीतसर झालं. कोणता माउथवॉश जास्त कडू यावर मुलांची भांडणं व्हायची, तो वेगळा अभ्यास होईल.

पॅकेजचे पैसे टप्प्याटप्प्यानं होते आणि पहिला टप्पा सीटीआरआयचा. माणसांवर काही उपचार करून बघायचा अभ्यास असेल तर तो ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये (सीटीआरआय) नोंदवावा लागतो, आणि १ एप्रिल २०१८ पासून ही नोंद पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हावी लागते. मागाहून होत नाही. सरांनी ‘सरकारी फी’ आणि वर ‘फाइल पुढे सरकवायचा खर्च’ असे पैसे घेतले आणि नंबर टाकलेली एक पीडीएफ पाठवली. ती सगळ्यांनी फाइलला लावली. पुढचा टप्पा स्टॅटिस्टिक्सचा, मग प्लॅजिअरिझम (वाङ्मयचौर्य) रिपोर्ट, शेवटी पेपर.

आता तो आकडा सांगते, ज्याच्यामुळे हे सगळं उघडं पडलं.

प्लाक मोजायला मी सिलनेस आणि लो यांचा १९६४ चा इंडेक्स वापरला होता. सहा ठरावीक दात, प्रत्येकाच्या चार बाजू, आणि प्रत्येक बाजूला शून्य ते तीन गुण. मी प्रोब फिरवत ‘एक, दोन, एक, शून्य’ म्हणत जायची, इंटर्न फॉर्मवर लिहीत जायचा. चोवीस आकड्यांची बेरीज करून चोवीसनं भागायचं, की त्या मुलाचा स्कोअर. तिसरी तपासणी दिवाळीच्या सुट्टीनंतर होती. त्या भागातली बरीच कुटुंबं दिवाळी झाली की भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि काही मुलं आईबापांबरोबर जातात ती लवकर परतत नाहीत. माझ्या मास्टर चार्टमध्ये (सगळ्या मुलांचे स्कोअर एकत्र लिहिलेल्या तक्त्यात) अशा मुलांसमोरचा तिसरा रकाना रिकामा होता.

सरांचा रिपोर्ट आला तो मात्र देखणा. रंगीत आलेख, ठळक तक्ते, जिथे तिथे पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना एवढा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता, ०.०००. (शून्य कधीच नसते हो. सॉफ्टवेअर तीन दशांश स्थळांपर्यंत दाखवतं म्हणून तसं दिसतं, लिहायचं असतं ०.००१ पेक्षा कमी.) डिस्कशन लिहिताना वयोगट पुन्हा बघायला म्हणून त्यांनी परत पाठवलेली एक्सेल शीट उघडली, तर एकही रकाना रिकामा नाही. भट्टीवर गेलेल्या एका मुलीच्या ओळीत तिसऱ्या तपासणीचा प्लाक स्कोअर होता ०.४०. ती मुलगी मला चांगली आठवत होती, पहिल्या दोन्ही वेळेला सगळ्यात आधी खुर्चीत येऊन बसणारी. तिला मी तिसऱ्यांदा तपासलंच नव्हतं. आणि तपासलं असतं तरी ०.४० आला नसता. सहाही दात जागेवर असताना बेरीज नऊ आली तर ०.३८ होतं, दहा आली तर ०.४२. मधलं काही येऊच शकत नाही. ज्यानं तो आकडा टाकला त्याला इंडेक्स कसा काढतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

फोन केला. “मॅडम, मिसिंग व्हॅल्यूज भरून दिल्यात. सिग्निफिकन्स यायला नको का?” मी जाब विचारल्यावर म्हणाला, “यालाच बाहेर इम्प्युटेशन म्हणतात.” इम्प्युटेशन, म्हणजे न मिळालेल्या आकड्यांचा सांख्यिकी पद्धतीनं अंदाज बांधणं, ही गोष्ट खरी असते. ती कोणत्या पद्धतीनं केली ते थीसिसमध्ये लिहावं लागतं आणि परीक्षकापुढे तिचं समर्थन करावं लागतं. मनाला येईल तो आकडा ठोकून देणं म्हणजे इम्प्युटेशन नव्हे. विशेष म्हणजे भरलेले सगळे आकडे त्रिफळ्याच्या बाजूनं झुकवलेले होते. तो जिंकला तर पेपर लवकर घेतात म्हणे.

मग बाकीचं तपासायला बसले. सीटीआरआयच्या साइटवर माझा नंबर टाकला, तर समोर भलत्याच राज्यातल्या, भलत्याच आजारावरच्या दुसऱ्याच कुणाचा तरी अभ्यास. नंबर खरा होता, फक्त माझा नव्हता. आणि सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. संशोधकानं स्वतःचं लॉगिन करायचं, एथिक्सचं पत्र जोडायचं. तिकडून शंका येतात त्या आपल्याच ईमेलवर. फॉर्ममध्ये ‘हा पदव्युत्तर थीसिस आहे का’ असा रकानासुद्धा आहे. तुमच्या नावानं नोंद झाली असं कुणी सांगत असेल आणि तुमच्या ईमेलवर एक ओळही आली नसेल, तर त्याच दिवशी नंबर शोधून बघा. एक मिनिट लागतं.

प्लॅजिअरिझमचा घोळ वेगळाच. टर्निटिन या साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरची खाती संस्थांना मिळतात, कुणा एकाला सुटी मिळत नाहीत. हा माणूस कुठल्या तरी परदेशी विद्यापीठाच्या लॉगिनवरून थीसिस तपासायचा आणि तसं करताना माझा अख्खा मजकूर त्यांच्या साठ्यात जमा झाला. त्याच्या रिपोर्टवर साम्य ६ टक्के. कॉलेजच्या लायब्ररीत तपासलं तर नव्वदीच्या वर, कारण माझाच थीसिस माझ्या थीसिसशी जुळत होता! यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत माफी आहे आणि साम्य ६० च्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. गाइड मॅडमनी पत्र दिलं, लायब्ररीनं तो स्रोत वगळून पुन्हा तपासलं, म्हणून निभावलं. स्वतः लिहिलेल्या मजकुरासाठी चोर ठरायची वेळ आली होती.

आणि पेपर. ‘पबमेड इंडेक्स्ड, गॅरंटीड’ असं ठरलं होतं, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या पबमेड या शोधसूचीत असलेलं जर्नल. दोन दिवसांत स्वीकारल्याचं पत्र आलं, परीक्षणाच्या नावाखाली ‘व्हेरी गुड आर्टिकल’ एवढंच. जर्नलचं नाव एका नावाजलेल्या जर्नलसारखं, मध्ये एक शब्द इकडचा तिकडे. साइटवर आयएसएसएन क्रमांक ठसठशीत. पण तो नुसता ओळखक्रमांक असतो, दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. इम्पॅक्ट फॅक्टरही (जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा) लिहिलेला होता, कुठल्याशा अनोळखी संस्थेचा. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेटच्या यादीतला. ‘गूगल स्कॉलरमध्ये दिसतं’ ही तर जाहिरातच समजा, तिथे काय वाट्टेल ते दिसतं. पबमेडचा दावा पडताळायला अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा कॅटलॉग सगळ्यांना खुला आहे, त्यात जर्नलचं नाव टाकायचं. माझं जर्नल तिथे नव्हतं.

थीसिस बचावला तो शेजारच्या मेडिकल कॉलेजातल्या कम्युनिटी मेडिसिनच्या स्टॅटिस्टिशियनमुळे. मूळ फॉर्म आणि मास्टर चार्ट घेऊन गेले, त्यांनी एक पैसा न घेता सगळं पहिल्यापासून केलं. दोन्ही गटांत प्लाक कमी झाला होता, गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. तेच छापलं, आणि सीटीआरआयची नोंद नाही हे एथिक्स कमिटीला लेखी कळवून थीसिसमध्येही लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न गळालेल्या मुलांवरच विचारला. वीटभट्ट्यांचं सांगितलं, तर त्यावरच बराच वेळ बोलत राहिले. फरक दिसला नाही म्हणून थीसिस नापास होतो, हा धाक फक्त पॅकेजवाले घालतात.

मधल्या काळात त्या जर्नलनं बनावट आकड्यांसकट पेपर प्रसिद्ध करून टाकला होता, माझं आणि गाइडचं नाव घालून. काढून टाका म्हटलं तर ‘विथड्रॉवल फी’ मागतात, तीही डॉलरमध्ये. ती भरलेली नाही. दोघींच्या सहीचं पत्र पाठवलं, उत्तर नाही. तोच अभ्यास चांगल्या ठिकाणी पाठवायचा तर दोन अडथळे: एक म्हणजे ट्रायलची नोंद नाही, दुसरं म्हणजे आधी प्रसिद्ध झालेला दिसतो.

सायबरची तक्रार १९३० या हेल्पलाइनवर आणि ऑनलाइन पोर्टलवर केली आहे. यूपीआयनं पैसे गेले ते खातं तिसऱ्याच माणसाचं निघालं. पोलिस ठाण्यात आधी विचारलं, “डॉक्टर असून तुम्ही?” आणि मग रक्कम विचारली, लहान म्हणाले. म्हणून सांगते: याच पद्धतीनं कुणाचे पैसे गेले असतील तर चॅट, पीडीएफ, त्याची एक्सेल शीट काहीही डिलीट करू नका, फोन बदललात तरी बॅकअप ठेवा, आणि तक्रार तुमच्या नावानं वेगळी नोंदवा. एकाच खात्यावर चार तक्रारी दिसल्या तर ते खातं गोठवायला बघू, असं तिथल्या हवालदारांनी स्वतः मला सांगितलंय.