पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः पाचव्या पट्टीविषयी

मार्केट यार्डातील कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर सकाळी साडेसातच्या सुमारास शेतकऱ्यांच्या चार पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) व्यवस्थित छापून निघाल्या आणि पाचवी अडकली. ‘एस_१ नावाचे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (सर्व्हरवर आधीच तयार करून ठेवलेली क्वेरी) आधीच अस्तित्वात आहे’ अशा अर्थाचा संदेश पडद्यावर होता. दिवाणजींनी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला, पुन्हा चार पट्ट्या निघाल्या आणि पुन्हा पाचवीलाच काम थांबले. मी कोथरूडहून तेथे पोहोचेपर्यंत त्यांनी कार्बन लावून हाताने पट्ट्या लिहायला घेतल्या होत्या, आणि मंचरहून माल घेऊन आलेले एक शेतकरी गाडीभाडे चुकते करण्यासाठी ताटकळत उभे होते. हा अनुभव लिहून काढण्याचे कारण ती सकाळ आहे.

आमची हिशेबाची प्रणाली अकरा गाळ्यांवर चालते आणि परवान्याचे वार्षिक शुल्क या व्यवसायाला झेपणारे नसल्याने सुरुवातीपासून पोस्टग्रेस या विनाशुल्क डेटाबेसवरच आहे. आवृत्ती १२ ची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपत होती, म्हणून त्याआधी आम्ही १६ वर आलो. सर्व्हर बदलण्याची तयारी दोन महिने केली. ड्रायव्हरकडे, म्हणजे आमच्या जावा प्रोग्रामला डेटाबेसशी बोलू देणाऱ्या जेडीबीसी फाइलकडे, मात्र कोणी पाहिलेही नाही. गाळ्यांवरच्या संगणकांत ४२.१.४ ही २०१७ सालची फाइल तशीच राहिली, आणि पुढच्या बहुतेक मनस्तापाचे मूळ तेथेच होते.

पहिला फटका लॉगिनला बसला. जुन्या दिवाणजींचे लॉगिन चालत होते, पण नव्याने नेमलेल्या दोघांना ‘ऑथेंटिकेशन प्रकार १० ला आधार नाही’ असे उत्तर येत होते. संगणक तोच, ड्रायव्हर तोच, फरक फक्त माणसाचा, त्यामुळे अर्धा दिवस मी नेटवर्कच तपासत बसलो. आवृत्ती १४ पासून नवा पासवर्ड मुळातच स्क्रॅम या अधिक सुरक्षित पद्धतीने साठवला जातो. जुन्यांचे पासवर्ड एमडी५ या आधीच्या स्वरूपातच नव्या सर्व्हरवर आले होते, म्हणून त्यांना अडचण आली नाही. जेडीबीसी ड्रायव्हरला स्क्रॅम समजू लागले ते जानेवारी २०१८ च्या ४२.२.० पासून, आणि तेही जावा ८ किंवा त्यापुढे. सर्व गाळ्यांवर जावा आणि ड्रायव्हर बदलताच ही तक्रार कायमची मिटली.

पाचव्या पट्टीची गोष्ट याहून खोल आहे. अकरा गाळ्यांच्या जोडण्या सर्व्हरवर थेट येऊ नयेत म्हणून आम्ही मध्ये पीजीबाउन्सर हा थोड्या जोडण्या अनेकांत वाटणारा मध्यस्थ प्रोग्राम बसवला होता आणि तो व्यवहारागणिक (डेटाबेसमधल्या एकेका कामागणिक) जोडणी वाटून देत असे. ड्रायव्हर एकच क्वेरी (डेटाबेसला केलेली मागणी) पहिल्या चार वेळा निनावी पाठवतो. पाचव्या वेळी तिला सर्व्हरवर नाव देऊन ठेवतो, म्हणजे पुढे ती पुन्हा वाचून समजून घेण्याचे काम वाचते. ही नावे एस_१, एस_२ अशी असतात आणि प्रत्येक जोडणीवर एकपासूनच सुरू होतात. एका गाळ्याने पाचव्या पट्टीला एस_१ तयार केले, व्यवहार संपला, तीच सर्व्हर-जोडणी शेजारच्या गाळ्याला मिळाली आणि त्याच्याही ड्रायव्हरने पाचव्या पट्टीला एस_१ च मागितले. आमच्या चाचणीत कोणी तीनच्या वर पट्ट्या काढल्याच नव्हत्या, त्यामुळे हा दोष कचेरीत दिसणे शक्यच नव्हते.

मला खरी धास्ती वाटली ती पुढच्या शक्यतेची. नाव आधीच असल्याचा संदेश येणे हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, कारण काम निदान थांबते. मात्र आपले एस_१ एका सर्व्हर-जोडणीवर तयार झालेले आणि पुढचा व्यवहार दुसऱ्याच जोडणीवर गेलेला असेल, तर तेथे त्याच नावाखाली दुसऱ्याची क्वेरी असू शकते. तिच्या रकान्यांची संख्या आणि प्रकार योगायोगाने जुळले, तर आपले आकडे तिच्यात भरले जातील आणि कोणतीही तक्रार येणार नाही. आम्ही त्या आठवड्यातली प्रत्येक पट्टी कच्च्या वहीशी ताडून पाहिली. एकही चुकलेली निघाली नाही, तरी ते तीन दिवस मी नीट झोपलो नाही.

मधल्या काळात शहरातल्याच एका सल्लागाराला पैसे देऊन विचारले. त्यांनी क्वेरीची पद्धत ‘सिंपल’ करा, म्हणजे किमती क्वेरीच्या मजकुरातच भरून पाठवल्या जातील आणि नावे देण्याचा प्रश्नच उरणार नाही, असे सांगितले. अडचण खरोखर थांबली, आणि मी तो सल्ला इतर गाळ्यांवरही लावणार होतो. त्याच सुमारास सीव्हीई-२०२४-१५९७ ही सुरक्षा-त्रुटीची जाहीर नोंद वाचनात आली. क्वेरीत किंमत नंतर भरायची जागा प्रश्नचिन्हाने दाखवतात; याच सिंपल पद्धतीत, संख्येच्या प्रश्नचिन्हाआधी लगेच वजाचे चिन्ह असेल आणि त्याच ओळीत पुढे मजकुराचे प्रश्नचिन्ह असेल, तर ऋण संख्या दिल्यावर दोन वजाचिन्हे शेजारी येऊन पुढचा भाग टिप्पणी ठरतो आणि बाहेरचा मजकूर क्वेरी म्हणून चालवता येतो. आमच्या पट्टीच्या क्वेरीत हमाली आणि तोलाई नेमकी अशीच वजा होत होती. ४२.७.२ मध्ये हे दुरुस्त झाले आहे आणि जुन्या मालिकांसाठीही दुरुस्त आवृत्त्या काढण्यात आल्या. इतक्या मालिका मागे जाऊन दुरुस्ती करणाऱ्या मंडळींविषयी माझे मत त्या दिवशी बदलले. तोवर मी या ड्रायव्हरवर चिडूनच होतो.

योग्य उपाय पीजीबाउन्सरच्या बाजूने निघाला. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या १.२१ पासून तो नाव दिलेली स्टेटमेंट स्वतः ओळखतो आणि कोणत्या सर्व्हर-जोडणीवर काय तयार आहे याचा हिशेब ठेवतो. आमच्याकडे लिनक्सबरोबर आलेली जुनी आवृत्ती होती. ती बदलली आणि ‘मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स’ला शून्याऐवजी २०० दिले, त्या आवृत्तीत ही सोय मुळात बंद असते, हे लक्षात ठेवावे. सिंपल पद्धत काढून टाकली. तेव्हापासून एस_१ चे तोंड पाहिलेले नाही.

एक गाऱ्हाणे मात्र राहते. ड्रायव्हरचा ‘पाच’ आहे तसाच सर्व्हरचाही एक ‘पाच’ आहे : नाव दिलेल्या क्वेरीसाठी तो पहिल्या पाच वेळा दिलेल्या किमती पाहून माहिती कशी शोधायची याचा आराखडा करतो आणि त्यानंतर परवडेल असे वाटल्यास सर्वांना सारखाच आराखडा वापरू लागतो. एका मोठ्या व्यापाऱ्याचा वर्षाचा उतारा त्यामुळे दहाव्या खेपेपासून रेंगाळू लागला. त्या एका अहवालासाठी आवृत्ती १२ पासून मिळणाऱ्या ‘प्लॅन कॅश मोड’ने दर वेळी नवा आराखडा करायला लावला आणि काम झाले. पण हे दोन पाच एकमेकांवर चढतात, हे ड्रायव्हर वापरणाऱ्याला ठळकपणे सांगितले गेले पाहिजे.

या सगळ्यात ड्रायव्हर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे नियम, म्हणजे प्रोटोकॉल, मात्र तसूभर हलला नाही, हे नोंदवलेच पाहिजे. तिसरी आवृत्ती २००३ साली ७.४ बरोबर आली आणि आमचा जुना ड्रायव्हर नव्या सर्व्हरशी बोलू शकला तो तिच्यामुळेच. सप्टेंबर २०२५ च्या आवृत्ती १८ ने ३.२ आणली, ३.१ हा क्रमांक वगळून, कारण पीजीबाउन्सरच्या काही जुन्या आवृत्त्या चुकीने ३.१ येते असे सांगत असत. दुसऱ्याच्या जुन्या चुकीलाही सांभाळून घेणारी ही काळजी मला फार मोलाची वाटते. त्याच आवृत्ती १८ ने एमडी५ पासवर्ड कालबाह्य ठरवले आहेत, म्हणून या महिन्यात मी गाळ्यागाळ्यावर जाऊन जुन्या दिवाणजींचे पासवर्ड त्यांच्यासमोरच नव्याने घालून घेत आहे. सात गाळे झाले आहेत, चार बाकी आहेत.