उभ्या गाडीची बॅटरी कोण खातंय? छोटा डीसी क्लॅम्प मीटर काही महिने वापरल्यावर

दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, या तक्रारीवर ठरलेला उपाय म्हणजे निगेटिव्ह केबल सोडायची आणि मल्टिमीटर मध्ये जोडून करंट मोजायचा. त्यात दोन अडचणी आहेत. केबल सुटली की गाडीतली कंट्रोल युनिट (वेगवेगळी कामं सांभाळणारे छोटे कॉम्प्युटर) रीसेट होतात. एखादं युनिट अडकून जागं राहिलं असेल, तर ते त्या क्षणी शहाण्यासारखं झोपतं, मीटर निर्दोष आकडा दाखवतो आणि दोन दिवसांनी बॅटरी पुन्हा डाऊन. दुसरं म्हणजे, मीटर जोडलेला असताना कुणी सेल्फ मारला की मीटरचा १० अँपिअरचा फ्यूज गेलाच.

म्हणून केबल न सोडता, तिच्याभोवती जबडा मिटवून करंट मोजणारा क्लॅम्प. युनी-टीचा यूटी२१०ई पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत याच कामाला वापरला. त्याची २ अँपिअरची डीसी रेंज १ मिलिअँपिअरपर्यंत दाखवते. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, बॅटरीचा करंट डीसी असतो, म्हणून ते इथे काहीच कामाचे नाहीत. ४०० अँपिअरचे मोठे डीसी क्लॅम्पही नकोत. सेल्फचा करंट बघायला ते छान, पण उभ्या गाडीतला करंट त्यांच्या शेवटच्या आकड्याखालीच हरवतो.

क्लॅम्प हातात घेण्याआधी एक फुकटची तपासणी. रात्री निगेटिव्ह काढून ठेवा. संध्याकाळी १२.६ व्होल्ट असलेली बॅटरी सुटी ठेवूनही सकाळी १२.३ वर आली, तर गाडीत काही शोधू नका, बॅटरीच संपली आहे. (मोजण्याआधी दोन मिनिटं हेडलाइट लावा, नाहीतर नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचा वरवरचा व्होल्टेज फसवतो.) 'करंट खातंय' म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं निदान इथेच होतं.

बॅटरी ठीक असेल तर गाडीला झोपू द्या. बॉनेट उघडं ठेवून त्याचं आणि ड्रायव्हरच्या दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला सगळं बंद वाटतं. दार प्रत्यक्षात उघडंच राहतं आणि पुढे फ्यूजबॉक्सला हात घालता येतो. लॉक करा. कीलेस गाडी असेल तर किल्ली चांगली लांब ठेवा, खिशातली किल्ली गाडीला पुन्हा पुन्हा उठवते. सुरुवातीला काही अँपिअरही दिसतील, घाबरू नका. साध्या गाड्या अर्ध्या तासात शांत होतात, नव्या गाड्यांना तास लागू शकतो. मीटर मात्र पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडतो. सिलेक्ट बटण दाबून धरून चालू केला की तो बंद पडत नाही, पण मग विसरलात तर त्याचेच सेल उतरतात.

क्लॅम्प निगेटिव्ह केबलवर लावायचा. टर्मिनलवरून दोन केबल निघत असतील, एक बॉडीला आणि एक इंजिनला, तर दोन्ही जबड्यात हव्यात. जबडा १७ मिमीच उघडतो, त्यामुळे डिझेल गाड्यांच्या जाड केबल एकत्र मावत नाहीत. मग एकेक मोजून बेरीज करावी लागते.

या मीटरची खरी कटकट म्हणजे शून्य. आतला हॉल सेन्सर (करंटमुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र ओळखणारा भाग) तापमान आणि चुंबकत्व दोन्हींमुळे हलतो. गरम इंजिनाशेजारी धरलात की थोड्या वेळात पाच-दहा मिलिअँपिअर इकडेतिकडे होतात. सेल्फचा करंट मोजला असेल तर जबड्यात चुंबकत्व उरतं आणि आकडा आणखी भरकटतो. जबडा तीन-चारदा उघडझाप करा, केबलच्या शेजारी त्याच दिशेला धरून झिरो करा, मग लावा. शंका राहिलीच तर क्लॅम्प उलटा करून पुन्हा मोजा. एकदा ३८ आणि उलटा केल्यावर वजा २२ आलं, तर दोन्हींतला फरक ६०, त्याचा अर्धा ३० हा खरा करंट आणि ८ ही मीटरची चूक. हे न करता २० मिलिअँपिअरखालच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

आता आकडा कसा वाचायचा. ५० मिलिअँपिअरच्या आत सहसा ठीक मानतात. छोट्या पेट्रोल गाडीच्या ३५ एएच (अँपिअर-तास) बॅटरीतून ३० मिलिअँपिअरने दिवसाला पाऊण एएचपेक्षा किंचित कमी जातं, ती निम्मी व्हायला तीन आठवड्यांहून जास्त लागतात. ३०० मिलिअँपिअर असेल तर अडीच दिवसांत निम्मी.

आकड्यावरून चोरही ओळखू येतो. ४०० च्या आसपास म्हणजे बहुधा ५ वॅटचा बल्ब, डिकीतला नाहीतर ग्लोव्हबॉक्समधला. फोनचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि झाकण लावा, लगेच कळतं. दीडशेच्या आसपास रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल येते, तेव्हा रिले बोटाने चाचपा, चालू असलेला कोमट लागतो. दोनशे ते चारशे घेणारा पार्किंग मोडमधला डॅशकॅम. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत पिवळी वायर कायमच्या सप्लायची आणि लाल किल्लीवरची. घाईत दोन्ही एकत्र गुंडाळल्या असतील तर स्टिरिओ कधी झोपतच नाही. ओबीडी पोर्टमध्ये (गाडीतले दोष वाचण्याच्या सॉकेटमध्ये) विसरलेला डोंगल काही गाड्यांना जागं ठेवतो. आणि फास्टॅगला उगीच बदनाम करू नका, त्या स्टिकरचा बॅटरीशी संबंध नाही.

आकड्यावरून उलगडलं नाही तर फ्यूज उपसत बसू नका, काढून परत घातलेला फ्यूज झोपलेलं युनिट उठवतो. साध्या मल्टिमीटरच्या २०० मिलिव्होल्ट रेंजवर फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोकांना प्रोब टेकवा. फ्यूजचा स्वतःचा रोध असतो, करंट वाहत असेल तर तिथे थोडा व्होल्टेज दिसतो. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३ मिलिअँपिअर, २० च्या फ्यूजवर तेच सुमारे ३०. ज्यावर १ किंवा २ मिलिव्होल्ट दिसेल, ती लाइन पकडायची. म्हणजे हा क्लॅम्प एकटा पुरत नाही. गळती आहे का, एवढं तो सांगतो. कुठे आहे, ते बहुतेक वेळा मल्टिमीटर सांगतो.

अपवाद अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा. त्याची जाड वायर केबिनच्या फ्यूजबॉक्समधून जात नाही, त्यामुळे सगळे फ्यूज निर्दोष आणि गळती मात्र कायम, असं कोडं पडतं. इंजिन बंद असताना त्या वायरवर क्लॅम्प लावा. दोन-चार मिलिअँपिअरपेक्षा फार जास्त, समजा दोनशे आले, तर आतला डायोड गेला. फक्त या एका तपासणीसाठीही क्लॅम्प घेतलेला परवडतो.

जीपीएस ट्रॅकर मात्र त्याला चकवतात. ते ठरावीक वेळाने जागे होऊन माहिती पाठवतात आणि मधल्या वेळी आकडा अगदी सोज्वळ दिसतो. तिथे पंधरा-वीस मिनिटं आकड्याकडे बघत बसण्याला पर्याय नाही, आणि मधेच एकदा झिरो करायला विसरू नका.