रोड आणि ट्रॅक दोन्हीसाठी ॲडजस्टेबल कॉईलओव्हर: काही महिने वापरून झाल्यावर

गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आहे, रोज कामाला जायला तीच आणि ट्रॅक डेला पण तीच. तिला कॉईलओव्हर, म्हणजे डँपरवरच (शॉक ॲब्सॉर्बरवर) स्प्रिंग बसवलेला सस्पेन्शनचा सेट लावलाय. सेटचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की सगळी चर्चा ब्रँडवर घसरते आणि मुद्दा राहतो बाजूला. मोनोट्यूब (एकाच नळीचा डँपर) आहे, डँपिंगला (स्प्रिंगचं डोलणं आवरायला) एकच नॉब, हाईट ॲडजस्ट होते, पुढे कॅम्बर प्लेट (चाकाचा आत-बाहेरचा कल बदलणारी) सोबत आली. आधीच सांगून टाकतो, सेट आवडलाय आणि काढणार नाहीये, पण घेताना लोक जे विचारतात त्यातलं निम्मं बिनकामाचं असतं आणि जे विचारायला पाहिजे ते कोणी विचारत नाही.

पहिला प्रश्न ठरलेला, क्लिक किती, म्हणजे नॉबला पायऱ्या किती? अहो बिल्स्टीनच्या बी१६ ला १० च क्लिक आहेत, म्हणून तो काय ३० क्लिकवाल्यापेक्षा कमी झाला का. एका क्लिकने नक्की किती फरक पडतो हे डायनोचा (डँपरचा जोर मोजणाऱ्या मशीनचा) ग्राफ बघितल्याशिवाय कळतच नाही, स्वस्तातल्या सेटमध्ये शेवटचे चार-पाच क्लिक फक्त आवाज करतात. आणि मुख्य म्हणजे नॉब फिरवून स्प्रिंग बदलत नाही. कडक स्प्रिंग घेतली आणि नॉब पूर्ण सॉफ्टला नेला की गाडी आरामदायी होईल असं वाटतं, होतं उलटं, कडक स्प्रिंगला आवरायला डँपिंग जास्त लागतं आणि तेच तुम्ही काढून घेतलेलं असतं, मग गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर डोलत बसते. त्यामुळे स्प्रिंग रेट (स्प्रिंग एक मिमी दाबायला किती किलो लागतात तो आकडा) आधी ठरवा, बाकी सगळं नंतर.

मी हिशोब असा केला. पुढच्या एका चाकावर साधारण ३५० किलो स्प्रंग वजन (स्प्रिंगने उचललेलं), मॅकफर्सन स्ट्रट असल्यामुळे मोशन रेशो (चाक हलतं त्याच्या किती प्रमाणात स्प्रिंग दबते) ०.९५ च्या आसपास धरला, व्हील रेट (चाकाजवळचा कडकपणा) काढायला त्याचा वर्ग स्प्रिंग रेटला गुणायचा. कंपनीच्या स्प्रिंगवर (२.७ किलो/मिमी धरून) फ्रिक्वेन्सी (गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली डोलेल) येते १.३ हर्ट्झ, म्हणजे नॉर्मल रस्त्याची गाडी. सेटला पुढे ६ किंवा ८ किलो/मिमी असा पर्याय होता. ६ ला जवळपास २ हर्ट्झ, ८ ला २.२५ च्या वर. फ्रिक्वेन्सी वर्गमुळाने वाढते, त्यामुळे स्प्रिंग दुप्पट केली तरी ती १.४ पटच होते, आकडा बघून घाबरायचं कारण नाही. पण २ च्या वर गेलं की रोजच्या रस्त्यावर मान आणि कंबर दोघी तक्रार करतात, स्लिक टायर (नक्षी नसलेले रेसचे) लावणार नसाल तर तेवढ्या कडकपणाची गरजही नाही. मी ६ घेतला, आणि आजही तोच घेईन.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम) आहे, स्प्रिंग वेगळी आणि डँपर वेगळा, म्हणजे तिकडे खरं तर कॉईलओव्हर नाहीच. स्प्रिंग चाकापेक्षा आत बसते, मोशन रेशो कमी, म्हणून मागच्या स्प्रिंगवर मोठा आकडा दिसला तरी मागची बाजू तेवढी कडक नसते. दुसऱ्या गाडीवाल्याचे आकडे उचलून आपल्या गाडीला लावायचे नाहीत ते याच्यासाठी.

आता ट्रॅव्हल, म्हणजे डँपरचा दांडा किती आत-बाहेर जाऊ शकतो ते. हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. डँपरच्या दांड्यावर एक बारीक केबल टाय बांधायचा, टोक कापून टाकायचं, खाली डँपरच्या बॉडीला टेकेपर्यंत सरकवून ठेवायचा आणि गाडी चालवून यायचं. दांडा जेवढा आत गेला तेवढा टाय वर सरकलेला दिसतो. माझा नेहमीच्या रस्त्यावर अर्ध्याच्या थोडा वर थांबायचा, ट्रॅकवर कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चढवली त्या दिवशी थेट बंप स्टॉपला (ट्रॅव्हल संपतो तिथल्या रबरी ठोकळ्याला) चिकटलेला होता. बंप स्टॉप लागला की त्या क्षणी स्प्रिंग रेट एकदम वाढतो आणि कॉर्नरमध्ये असाल तर गाडी अचानक अंडरस्टिअर करते (स्टिअरिंग वळवलं तेवढी वळत नाही), आणि आपण दोष देतो टायरला. यावर उपाय नॉब नाही, उपाय म्हणजे गाडी थोडी वर घेणे.

म्हणून हाईट मी फक्त २५ मिमी कमी ठेवलीये. फोटोत ५० भारी दिसतं कबूल, पण स्ट्रटवाली गाडी जास्त खाली आणली की लोअर आर्म चाकाच्या बाजूने वर तिरका होतो, रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातो, आणि कडक स्प्रिंग लावूनसुद्धा बॉडी रोल म्हणावा तसा कमी होत नाही. वरून बंप स्टिअर (चाक वर-खाली झालं की आपोआप थोडं वळणं) वेगळा. ज्या सेटमध्ये खालचा ब्रॅकेट फिरवून हाईट बदलते त्यात डँपरचा स्ट्रोक तसाच राहतो, नुसती स्प्रिंगची सीट खाली घेणाऱ्यात बंप ट्रॅव्हल खाल्ला जातो, घेताना हे नक्की विचारा.

सेटिंग. नॉब पूर्ण बंद करायचा, म्हणजे फुल हार्ड, आणि तिथून उलटे क्लिक मोजायचे, कारण उघड्या बाजूचं टोक प्रत्येक डँपरला थोडं वेगळं असू शकतं. रस्त्यावर पुढे १४, मागे १६. ट्रॅकवर पुढे ८, मागे ७, मागे थोडं कडक ठेवलं की कॉर्नरमध्ये शिरताना नाक छान वळतं. ट्रॅक म्हटलं की फुल हार्ड करणारे बरेच दिसतात. रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडतानाचं डँपिंग) एवढा आवळला की एका धक्क्यात दबलेली स्प्रिंग पुढचा धक्का यायच्या आत उघडतच नाही, लागोपाठ खड्डे आले की गाडी स्वतःहून खाली खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर चालते. ड्रायव्हरला वाटतं वा काय कडक सेटअप आहे! मागचा नॉब मात्र डिकीचं ट्रिम काढल्याशिवाय हाताला लागत नाही, डिझाइन करणाऱ्याने स्वतः एकदा ट्रॅकवर उन्हात ते काढून बघावं.

दोन नॉबवाला घ्यावा का हे पण विचारतात. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट ३ मध्ये रिबाउंड आणि कम्प्रेशन (स्प्रिंग दबतानाचं डँपिंग) वेगळं करता येतं, चांगलीच गोष्ट आहे, पण त्यात लो स्पीड, हाय स्पीड म्हणजे दांड्याचा वेग, गाडीचा नव्हे, हेच ज्याला माहीत नाही तो दोन नॉबमध्ये हरवून जातो. रोल आणि ब्रेक मारल्यावर नाक दबणं ही लो स्पीडची कामं, कर्ब आणि खड्डे हाय स्पीडची. वहीत सेटिंग, टायर प्रेशर, लॅप टाइम लिहून ठेवणार असाल तर घ्या दोन नॉब, नाहीतर एक चांगल्या व्हॉल्व्हिंगचा (आतल्या तेलाच्या झडपांचा) पुरे.

फिटिंगचा मात्र मनस्ताप झाला. गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर लटकलेली असतानाच आर्मचे रबर बुशवाले (सांध्यात रबर असलेले) बोल्ट पूर्ण आवळले. गाडी खाली आली तेव्हा बुश पिळले गेलेले, गाडी ठरवल्यापेक्षा वर उभी, दोन्ही बाजूंची हाईट वेगळी, आणि तो म्हणतो स्प्रिंग बसेल हळूहळू. स्प्रिंगचा काही संबंधच नव्हता. दुसरीकडे चाकं रॅम्पवर टेकवून, वजन असताना बोल्ट सैल करून परत आवळले आणि प्रश्न तिथेच मिटला. त्यानंतरच अलाइनमेंट करायची, आधी केलेली वाया जाते. हेडलाइटचा ॲंगल पण बघून घ्या.

कॅम्बर आता मायनस २.२ अंश, टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य, रस्त्याला आणि ट्रॅकला एकच. ट्रॅकच्या दिवशी प्लेट सरकवून मायनस ३ करता येतं, पण माझ्या गाडीत प्लेट सरकवली की टो पण बदलतो आणि टायर खाण्यात टो कॅम्बरपेक्षा जास्त खादाड. आतली कड थोडी जास्त झिजते, चालतंय. वरचा पिलो बॉल माउंट (रबराऐवजी धातूच्या गोळ्याचा सांधा) सावकाश जाताना टकटक करतो, गाणी बंद असली की जास्त ऐकू येतं, बायकोला पहिल्या दिवशीच ऐकू आलं. रस्त्यावरच जास्त चालवत असाल तर रबर माउंटचा पर्याय मागा, कॅम्बर जाईल पण शांतता राहील.

मेंटेनन्समध्ये एकच गोष्ट खरोखर जपावी लागते, थ्रेड, म्हणजे हाईट बदलायचे आटे. चिखल साचला की लॉक रिंग (हाईट धरून ठेवणारी) जाम होते आणि सी-स्पॅनर घसरून ॲल्युमिनियमच्या खाचा जातात. गाडी धुताना ब्रशने साफ करतो आणि हाईट बदलायची नसली तरी अधूनमधून रिंग थोडी हलवून परत खुणेवर आणतो. दांड्यावर तेलाचा ओलावा अजून तरी नाही, दिसला की डँपर रिबिल्डला जाईल, त्याचे सुटे सील मिळतात हे बघूनच हा सेट घेतला होता.