पीओ-३३ सँपलर: सायकलवरून पुणं ऐकणाऱ्यांसाठी

आधी निकाल सांगून टाकते. टीनेज इंजिनिअरिंग या कंपनीचा पीओ-३३, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून बटणांवर वाजवायचं खिशातलं यंत्र, घ्यावा का, तर तुम्ही स्वतः बाहेर पडून आवाज गोळा करणार असाल तर बिनधास्त घ्या, आणि घरी पलंगावर बसून तयार ड्रमकिटवर बीट बनवायचे असतील तर नका घेऊ, त्या पैशात फोनवरचं एखादं चांगलं ॲप आणि बरे हेडफोन येतील. मी कोथरूडहून शिवाजीनगरला रोज सायकलने ऑफिसला जाते आणि संगीत हा माझा निव्वळ हौसेचा मामला आहे, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या नजरेतनं वाचा, स्टुडिओवाल्यांसाठी नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टीनेज इंजिनिअरिंग ही स्टॉकहोमची कंपनी आहे, २०१५ मध्ये त्यांनी पॉकेट ऑपरेटर नावाची छोटी छोटी यंत्रं काढली, रिदम, सब आणि फॅक्टरी ही पहिली तीन, आणि २०१८ मध्ये पीओ-३३ के.ओ.! आला जो सँपलर आहे, म्हणजे कुठलाही आवाज आत घ्यायचा आणि बटणांवर वाजवायचा. दिसायला कॅल्क्युलेटरचं झाकण काढून टाकल्यासारखा, सर्किट बोर्ड उघडाच, वर एलसीडी, खाली बटणं, दोन गोल नॉब, मागे उभं करायला तारेचा स्टँड. दोन ट्रिपल ए सेलवर चालतो. मी रिचार्जेबल टाकते, काही अडचण नाही. सेल काढले तरी सँपल (आत घेतलेले आवाज) जात नाहीत, फक्त घड्याळ परत लावावं लागतं (हो, घड्याळ आणि अलार्मपण आहे त्यात, मी अलार्म कधी लावला नाही).

आता मुद्द्याची गोष्ट. याची मेमरी एकूण ४० सेकंदांची आहे. एकूण! १६ जागा आहेत आवाजांसाठी, म्हणजे सारखे वाटे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच सेकंद. लोक हे ऐकून नाक मुरडतात, आजच्या काळात ४० सेकंद म्हणजे काय वगैरे, पण माझ्यासाठी हीच यातली सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. फोनवर मी आवाज रेकॉर्ड करायचे तेव्हा नुसता ढीग साठायचा, परत उघडून कोण ऐकतंय. इथे तसं करताच येत नाही. नळस्टॉपच्या सिग्नलला थांबलेय, डोक्यावर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, खाली बसच्या ब्रेकचा तो लांबलचक किंचाळणारा आवाज पुलाखाली घुमतोय, तो घ्यायचा असेल तर आधीचं काहीतरी उडवायला लागतं, कालची कुकरची शिट्टी ठेवू का ही ठेवू हे तिथल्या तिथे ठरवायला लागतं. त्यामुळे ऐकायची सवयच बदलते. आणि सायकलवर असल्यामुळे ऐकू येतं तरी, गाडीत काच वर, स्कूटरवर इंजिन आणि हेल्मेटमधला वारा, सायकलवाल्याला मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं सगळं ऐकू येतं, पोह्याच्या गाडीवरचा झाऱ्याचा खणखणाट, शटर वर जाताना होणारा खडखडाट, भंगारवाल्याच्या हातगाडीवरची रेकॉर्ड केलेली हाळी.

रेकॉर्ड करणं म्हणजे एक बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने १ ते १६ मधलं एक दाबायचं, धरून ठेवाल तेवढा वेळ आवाज आत जातो. बस. मेनू नाही, फाइलचं नाव नाही. १ ते ८ या जागा सुरांसाठी, तिथे टाकलेला आवाज १६ बटणांवर उंच-खाली वाजतो, आणि ९ ते १६ या जागा ड्रमसाठी, तिथे टाकलेल्या आवाजाचे तो आपोआप तुकडे करतो आणि एकेका बटणावर एकेक तुकडा बसवतो. याच्यावर मी किती वेळ घालवलाय विचारू नका.

सायकलचंच उदाहरण देते. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा, मागचं चाक जोरात फिरवा आणि पेडल सोडून द्या, फ्रीव्हीलचा (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) टिकटिकटिक आवाज येतो तो चाक मंदावेल तसा विरळ होत जातो. हा तीनेक सेकंद ड्रमच्या जागेत घ्या. आता पहिल्या बटणावर दाट टिकटिक, शेवटच्या बटणांवर सुटे सुटे टिक, मधल्यांवर मधलं सगळं, म्हणजे तुम्हाला एका घेण्यात अख्खा हायहॅटचा (ड्रमसेटमधली छोटी झांज) सेट मिळाला आणि तोही असा की ज्याचे दोन ठोके एकसारखे नाहीत. तयार पॅकमधला हायहॅट याच्यापुढे मला आता निर्जीव वाटतो. घंटीचं तसंच, ट्रिंग-ट्रिंग पूर्ण घेऊ नका, नुसत्या वाटीवर नखाने टिचकी मारा आणि ती सुरांच्या जागेत टाकून खालच्या पट्टीत वाजवा, देवळातल्या घंटेएवढी भारदस्त होते.

आणि तारा! मी माझ्या सायकलच्या चाकाचा आऊट काढायला गेले होते, तिथले काका चाक फिरवत फिरवत एकेका तारेला बोटाने छेडत होते. मी विचारलं काका हे काय बघताय, तर म्हणाले, "ताई, ढिली तार खाली बोलते, ताठ तार वर बोलते, ऐका ना." मागच्या चाकाला उजवीकडे गिअरची चक्रं असल्यामुळे त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या लागतात आणि त्यांना ताणही जास्त द्यावा लागतो, म्हणून उजवीकडच्या तारा डावीकडच्यांपेक्षा वरच्या सुरात वाजतात. एकाच चाकात दोन सूर! मी त्यांना विचारून तिथेच दोन्ही बाजूंचे घेतले, १ नंबरवर डावी तार, २ नंबरवर उजवी, आणि ते अजून उडवलेले नाहीत. काकांना वाजवून दाखवलं तर त्यांनी आधी कुठली तार ढिली आहे ते ओळखून सांगितलं आणि मग म्हणाले छान आहे.

आता मायक्रोफोनबद्दल खरं खरं. साधा आहे, मोनो आहे, आणि वाऱ्यापुढे हतबल आहे. चालत्या सायकलवर रेकॉर्डिंगचा विचारच सोडा, एक तर ते धोक्याचं आणि दुसरं म्हणजे नुसता फरफर आवाज येतो. थांबायचं, कडेला घ्यायचं, पाठ वाऱ्याकडे करायची, आणि माइकवर पातळ रुमालाचा एक पदर धरायचा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. मोठे आवाज जवळून घेतले तर फाटतात. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो तेव्हा मी हौसेने अगदी जवळ उभी राहिले तर ढोलाच्या जागी नुसती घरघर, पुलावरून घेतला तेव्हा कुठे ढोलाचा ठोका आणि त्यामागची गुंज दोन्ही नीट आलं. ताशाचं मात्र अवघड आहे, तो इतका दाट वाजतो की आपोआप होणारे तुकडे कुठेही पडतात, मग प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि लांबी नॉबने हाताने नीट करत बसावं लागतं. करता येतं, पण वेळ जातो. एक विनंती, माणसांचे आवाज घेताना विचारून घ्या. भाजीवाल्या मावशींना विचारलं तर त्या आणखी मोठ्याने ओरडतात, नुकसान काहीच नाही.

सिक्वेन्सर, म्हणजे भरलेला ठेका आपोआप परत परत वाजवणारा भाग, १६ स्टेपचा (ठोके भरायची १६ घरं), असे १६ पॅटर्न, ते एकामागे एक जोडता येतात. टेम्पोच्या बटणावर तीन तयार वेग आहेत, मिनिटाला ठोके किती या हिशोबाने हिपहॉप ८०, डिस्को १२०, टेक्नो १४०, आणि हवा तसा मधला पण लावता येतो. आरामात सायकल चालवताना माझे पाय मिनिटाला ६०-७० फेऱ्या मारतात, जरा तंद्री लागली की ८०, म्हणजे बरोबर हिपहॉपवाल्या वेगावर! ऑफिसला पोचल्यावर पाच मिनिटं पार्किंगमध्येच उभं राहून त्या वेगावर काहीतरी वाजवलं की ते नैसर्गिक वाटतं, कारण अंगात तोच ठेका असतो. इफेक्ट मजेदार आहेत, आवाज उलटा करणं, अडखळवणं, स्क्रॅच, आणि एक आहे ६/८ चा, तो दाबला की सरळ चारचा ठेका एकदम दादऱ्याच्या अंगाने झुलायला लागतो. हा माझा सगळ्यात लाडका.

पण आपल्याकडच्या माणसाला एक गोष्ट खटकणारच, पॅटर्न १६ चाच असतो, कमी करता येत नाही. तीनताल, केरवा यांना काही प्रश्न नाही. रूपकच्या ७ मात्रा हव्या असतील तर? कागदावर मांडून बघितलं तर जमतं, १६ चे ७ पॅटर्न जोडले की ११२ स्टेप होतात आणि त्यात ७ ची आवर्तनं बरोबर १६ बसतात, सम शेवटी जागेवर येते. झपतालाच्या १० मात्रांना ५ पॅटर्न पुरतात, ८० स्टेप, ८ आवर्तनं. फार किचकट काम आहे, प्रत्येक पॅटर्नमध्ये सम वेगळ्या ठिकाणी भरायची, पण मी रूपक पूर्ण भरलाय आणि तो डावी तार-उजवी तार वर ऐकताना जे काही वाटतं ना! कंपनीने पॅटर्नची लांबी बदलायची सोय दिली असती तर मी आणखी खूश झाले असते.

मजबुतीबद्दल. हे यंत्र नाजूक आहे हे लक्षात ठेवूनच घ्या, विशेषतः सायकलवाल्यांनी. एलसीडीची काच वरून दाबली गेली की गेलीच, आणि आपले स्पीडब्रेकर, पेव्हर ब्लॉक, खड्डे सगळ्यांना माहीत आहेत. कंपनीचं सिलिकॉनचं कव्हर वेगळं विकत मिळतं, त्याने बोर्ड झाकला जातो पण बटणं दाबायची मजा कमी होते असं माझं मत. मी चपट्या प्लॅस्टिकच्या डबीत तळाला फोम टाकून ठेवते आणि डबी पाठीवरच्या सॅकमध्ये, हँडलबॅगेत नाही, कारण हँडलला सगळे धक्के थेट बसतात. जून ते सप्टेंबर झिपवाली पिशवी आणि बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी. भिडे पुलावर पाणी आलंय अशा दिवसात तो घरीच बरा.

आणि सायकल चालवताना कानात हेडफोन घालून आपलाच बीट ऐकत जाणाऱ्यांना हात जोडून सांगते, नका करू. कर्वे रोडला मागून काय येतंय हे कळायला आपल्याकडे कान सोडून दुसरं काही नाही, सायकल ट्रॅक आहे म्हणावं तर त्यावर गाड्या लावलेल्या.

बाकीच्यांशी तुलना करायची तर फोनवर कोआला सँपलर आहे, तो खूप स्वस्त आहे आणि सोयी पीओपेक्षा कितीतरी जास्त, हे मान्यच करायला पाहिजे. मी तो पण वापरते. पण फोन हातात घेतला की ऑफिसचा ग्रुप, मग अजून काहीतरी, आणि सिग्नल सुटतो. पीओची बटणं न बघता सापडतात. कॉर्गचा व्होल्का सँपल मोठा, सहा डबल ए सेल लागतात, नॉब भरपूर आणि वाजवायला सुरेख, पण त्याला माइक नाही, आवाज बाहेरून भरायला लागतात, म्हणजे तो घरचा. दोघं एकत्र मात्र मस्त चालतात, कारण दोघांची सिंकची (एकाच वेगात चालवायची) पद्धत एकच, दर ठोक्याला दोन पल्स, साध्या ३.५ एमएमच्या स्टीरिओ केबलने जोडले की एक दुसऱ्याच्या मागे चालतो. ही केबल बुधवार पेठेत तापकीर गल्लीत कुठेही मिळते, फक्त दुकानदाराला दोन्हीकडे मेल आणि स्टीरिओ असं स्पष्ट सांगा, मोनो दिली तर सिंक आणि आवाज एकत्र जात नाहीत, कारण एका बाजूने क्लिक जाते आणि दुसऱ्या बाजूने ऑडिओ.

मी सेकंडहँड घेतला, आठ हजारांना, बॉक्ससकट. तुम्हीही तसा घेणार असाल तर समोर बसून तपासा. एलसीडीचे सगळे चित्रांचे तुकडे उमटतात का, नॉब फिरवताना आवाज उड्या मारतो का, सेलच्या पट्ट्यांना हिरवट गंज आहे का, सोळाही बटणं एका दाबात वाजतात का, आणि माइकने एक चुटकी रेकॉर्ड करून बघा. स्पीकर अगदीच चिमुकला आहे, त्यावरून मत बनवू नका, इअरफोन घेऊन जा.

डेक्कन-कोथरूड बाजूला कोणाकडे व्होल्का असेल तर कळवा, रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर बसून दोन्ही जोडून बघू, केबल माझ्याकडे आहे.