सुटे कुंकू, डबीबंद कुंकू की हळदीचे?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जत्रेतल्या दुकानांत कुंकू घेताना तीन पर्याय समोर येतात: पुडीत बांधून दिलेले सुटे, कंपनीचे डबीबंद आणि हळदीपासून केलेले. शिसे आणि पारा या विषारी धातूंचा विचार करता सुट्या मालाला, त्यातही शेंदराला, मी शेवटचा क्रमांक देईन. पारंपरिक शेंदराचा नारिंगी रंग शिशाच्या ऑक्साइडचा असतो आणि हिंगूळ या खनिजाचा लाल रंग पाऱ्याच्या सल्फाइडचा. पुडीवर काहीच छापलेले नसल्यामुळे आत नेमके काय आहे, हे बहुधा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

हळद चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने लाल होते, त्यामुळे या कुंकवाला धातूचा रंग लागत नाही. तरीही ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये, कारण हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट हे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य चोळल्याचे बांगलादेशात उघडकीस आले आहे.

डबीबंद कुंकवाची जमेची बाजू शुद्धतेपेक्षा उत्तरदायित्वाची आहे. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे रंगासाठी वापरता येत नाहीत, आणि डबीवर परवाना क्रमांक व बॅच क्रमांक असला, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नेताना हाती काही पुरावा राहतो. शिसे त्वचेतून फारसे शिरत नाही, ते बोटांवरून तोंडात जाते, आणि पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक शोषतात. म्हणून घरात रांगते मूल असल्यास शेंदराची पुडी देवघरातही त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नये, आणि कपाळाला टिकली बरी.

सुरमा पारंपरिकरीत्या शिशाच्याच खनिजाची पूड असल्यामुळे तान्ह्यासाठी त्याचा विचारही नको.

गोरेपणाच्या काही क्रीममध्ये पारा असतो, आणि त्यांचे गणित मात्र वेगळे आहे, कारण पारा त्वचेतून थेट शोषला जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. आखातातून नातेवाइकाने आणलेल्या क्रीमच्या डबीवर भारतातील आयात नोंदणी क्रमांक नसतो. त्यातच ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ अशी सूचना छापलेली असेल, तर पाऱ्याचा संशय घ्यावा. असे क्रीम वापरणाऱ्याच्या पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर डॉक्टरकडे जाताना ती डबी सोबत न्यावी.