लटकता दिवा: किती खाली, केवढा मोठा?

लटकता दिवा खाली सोडावा की छताजवळच ठेवावा? एकच मोठा घ्यावा की तीन लहान? याचा निर्णय दुकानात होत नाही. तिथे दिवे उंच छताला दाटीवाटीने टांगलेले असतात आणि प्रत्येक दिवा असतो त्याहून लहान दिसतो. हे घरीच ठरवावं, हातात टेप घेऊन. आधी एवढंच पाहावं, की त्या दिव्याखाली माणूस बसणार आहे की चालणार आहे.

बसणार असेल, म्हणजे खाली जेवणाचं टेबल असेल, तर माझं मत ठामपणे खाली सोडलेल्या दिव्याला. टेबलाच्या फळीपासून दिव्याच्या खालच्या कडेपर्यंत ३० ते ३६ इंच अंतर ठेवा. याहून खाली आला तर समोरच्याचा चेहरा शेडआड जातो. फार वर गेला तर बसलेल्याला शेडच्या आतला बल्ब दिसतो आणि जेवताना डोळ्यांवर येतो. शिवाय प्रकाशही हातचा जातो: उघडा बल्ब टेबलापासून तीन फुटांवरून सहा फुटांवर नेला, तर बरोबर खाली पडणारा उजेड ढोबळमानाने चौथाईवर येतो. आठ फुटांच्या छताला ३० इंच आणि पुढे दर फुटामागे तीन इंच वर, असा एक ठोकताळा वापरतात. मी तो दहा फुटांपर्यंतच पाळेन. छत कितीही उंच असलं तरी टेबलाशी बसलेल्या माणसाचे डोळे तिथेच असतात.

चालण्याच्या जागी मात्र छताजवळचाच दिवा बरा. जमिनीपासून दिव्याच्या खालच्या टोकापर्यंत निदान सात फूट मोकळे हवेत. छत आठ फूट असेल तर दिव्याला उरतो जेमतेम एक फूट, तेव्हा लांब साखळीच्या झुंबराचा मोह तिथे सोडून द्यावा. कपाटाचं दार उघडताना दिव्याला लागणार नाही ना, हेही पाहून घ्या. खोलीत छताचा पंखा असेल तर लांब वायरवरचा हलका दिवा वाऱ्याने झुलत राहतो, आणि पात्यांच्या वर, जवळच असलेल्या दिव्यामुळे भिंतीवर सावल्या सतत लुकलुकतात. रोज संध्याकाळी त्या खोलीत बसायचं असेल तर हा त्रास लहान नाही.

आता आकार. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करा. तेवढ्या इंचांचा व्यास खोलीला शोभतो. १२ बाय १४ च्या खोलीला साधारण २६ इंच. पण दिव्याखाली टेबल असेल तर खोलीचं गणित बाजूला ठेवून टेबलाची रुंदी धरा. दिवा तिच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत असावा, म्हणजे ४२ इंची टेबलाला २१ ते २८ इंच. दोन्ही बाजूंना टेबलाची कड दिव्याच्या निदान सहा इंच बाहेर राहिली, की उठताना डोकं आपटत नाही.

गोल किंवा चौकोनी टेबलावर एकच दिवा, यात फार विचार नको. टेबल सहा फुटांहून लांब असेल तर एका गोल दिव्याने टोकाची माणसं अंधुक उजेडात जेवतात. तिथे तीन लहान दिवे प्रकाशाच्या दृष्टीने सरस. दोन दिव्यांच्या मध्यांतलं अंतर २४ ते ३० इंच ठेवा. फक्त तिघांची उंची काटेकोर जुळावी लागते, आणि टेबल सरकवलं की सगळी रांग चुकते. ज्यांच्या घरी टेबलाची जागा बदलत असते त्यांनी तीन दिव्यांच्या फंदात पडू नये. एक दिवा लांब वायरवर घ्यावा आणि छतातल्या दुसऱ्या हुकावरून हवा तिथे आणावा.

जड झुंबर फॉल्स सीलिंगच्या बोर्डावर कधीही पेलू नका. हुक वरच्या स्लॅबमध्ये किंवा तुळईतच हवा.

घेण्याआधी दिव्याच्या व्यासाचा पुठ्ठा कापून सुतळीने त्या जागी टांगा. खाली बसून पाहा, उभं राहून पाहा, दारातूनही पाहा. आणि दिवा बसवताना वायर लगेच तोडू देऊ नका, जास्तीची छताजवळच्या झाकणात गुंडाळून ठेवायला सांगा. चार दिवस त्याखाली जेवल्यावर दिवा दोन इंच खाली हवा होता असं वाटलं, तर तेवढी वायर हाताशी असते.